फी माफ आहे म्हणे!

"फक्त राहण्याखाण्याचा खर्च." कॉलेजातल्या मॅडम हे इतक्या सहज बोलून गेल्या की मलाही ते सहजच वाटलं. जर्मनीतल्या विद्यापीठाशी करार, एक सेमिस्टर तिकडं, तिकडची फी माफ, क्रेडिट इकडं धरणार. निवड झाली त्या दिवशी आर्णीहून गावाकडं येणाऱ्या काळीपिवळीत मी एकटीच हसत बसले होते. आता कोणी माझ्यासमोर 'फक्त' म्हटलं ना, तर अंगावर धावून जाईन.

हा 'फक्त' केवढा, ते ऐका. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट दाखवायचं. महिन्याला ९९२ युरो धरून जितके महिने राहणार तितक्या महिन्यांचे पैसे आधीच त्यात टाकायचे. सप्टेंबर २०२४ च्या आधी हाच आकडा ९३४ होता, तेव्हाही मला झेपला नसताच म्हणा. ९९२ युरो म्हणजे नव्वद हजारांच्या वर. २०२४-२५ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये. म्हणजे मी तिकडं एक महिना श्वास घ्यायचा तर बारा-तेरा क्विंटल कापूस. सहा महिन्यांचा पंचाहत्तर. आमचं वावर सात एकर, कोरडवाहू. एकरी पाच-सहा निघाला तर त्या वर्षी घरात सगळे खूश असतात. आणि हा हिशेब बी-बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी न काढता केलाय.

बाबांना समजावलं तर ते म्हणाले, "इतके पैसे एकदम कायले पायजे त्याईले? महिन्याच्या महिन्याले पाठवू ना आपण." बाबा, तुमचं डोकं त्या दूतावासापेक्षा जास्त चालतं, पण तिथं तुम्हाला कोण विचारतंय! फोनवरचा एक कन्सल्टंट मला सांगत होता, "मॅडम, पैसे कुठे जात नाहीत, तुमचेच असतात, तिकडे दर महिन्याला मिळतात." अरे दादा, माझेच असते तर अडचण काय होती?

मग बँक. शैक्षणिक कर्ज म्हटल्यावर साहेबांनी आधी विचारलं, पदवी तिकडची मिळणार का? नाही, इकडचीच. "मग हे परदेशी शिक्षण कसं?" तिथंच अर्धा तास. मग वडिलांचे तीन वर्षांचे रिटर्न आणा. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, बाबांनी जन्मात रिटर्न भरलेलं नाही. मग तारण काय? मी सातबारा पुढं केला. शेतजमीन चालत नाही. का, तर २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही, कर्ज थकलं तर त्या कायद्याखाली बँकेला वावर ताब्यात घेऊन विकता येत नाही. बरं, हे समजलं. पण त्याच सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा कोणाचा आहे? याच बँकेचा. पीककर्जाचा! सोयाबीन पेरायला हे वावर चालतं, पोरगी शिकवायला चालत नाही. मी हे बोलले तर साहेब म्हणाले, "ताई, तो विभाग वेगळा आहे."

सगळ्यात मजा सेतू केंद्रात. फी सवलतीसाठी दरवर्षी उत्पन्नाचा दाखला काढतो, आठ लाखांच्या आत पाहिजे. आमचा बिनकष्टाचा आत बसतो. त्याच दाखल्यावर मी गरीब, म्हणून शिकतेय. आणि आता सगळीकडं सांगायचं की नाही हो, आमच्याकडं पैसा आहे. नवीन दाखला काढायला गेले तर काउंटरवरचा पोरगा मान वर न करता म्हणाला, "कायच्यासाठी पायजे? कमी पायजे का जास्त?" मी म्हटलं, खरा पायजे. त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

आणि वेळ बघा. तिकडचं हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू, म्हणजे पैसे जून-जुलैत दाखवायचे. जून-जुलैत कास्तकाराच्या घरात पैसा असतो? तेव्हा घरातला असेल नसेल तो मातीत जातो. कृषी केंद्राची उधारी वर चढते, दुबार पेरणीची धास्ती असते. आमच्या पासबुकात पैसा दिसतो तो दिवाळीनंतर, कापूस विकल्यावर, तोही उधाऱ्या फिटेपर्यंत पंधरा दिवस. त्या पंधरा दिवसांत सत्र सुरू होत असतं तर मीही श्रीमंत दिसले असते.

राग कशाचा येतो सांगू? याच जिल्ह्यातून कापूस बाहेर काढायला इंग्रजांच्या काळात यवतमाळ-मूर्तिजापूर रेल्वे टाकली, आपली शकुंतला. कापूस मुंबईला आणि तिथून बोटीनं मँचेस्टरच्या गिरण्यांत. त्या गाठींना कोणी विचारलं नव्हतं, परत जाणार का, खायला पैसे आहेत का. मला मात्र आधी एसटीनं धामणगाव, मग विदर्भ एक्स्प्रेसनं मुंबई, व्हिसाच्या अर्जासाठी. तेही पैसे जमले तर.

गावात तर बातमी कधीच पसरलीये. "फुकटात जर्मनी!" दळणाच्या रांगेत एक काकू म्हणाल्या, "सरकार करते ना सगळं, तुमचं काय जाते." मावशीनं चॉकलेटची यादी दिलीये. एक काका हळूच विचारून गेले, इतका पैसा आला कुठून? ज्यांना वाटतं पैसा आहे त्यांना सांगून पटत नाही की नाही, आणि ज्यांना दाखवायचाय त्यांना दाखवायला नाही.

काल रात्री बाबा बैलजोडीचं बोलले. सरळ नाही, "यंदा ट्रॅक्टरनंच करून घेऊ म्हणतो," असं. माय भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. मी ताट सरकवलं आणि उठले. कॉलेजचा मेल आलाय, शुक्रवारपर्यंत होकार कळवा. सोबत एक पुस्तिका, जर्मनीत थंडीचे कपडे कोणते न्यावेत.