सीरम म्हणजे नुसता खुराक? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: प्रयोगशाळेतल्या डिशमध्ये सीरम (रक्तातून मिळणारा द्रव) घातल्यावर फायब्रोब्लास्ट (जखम भरून काढणाऱ्या ऊतींतल्या पेशी) विभागतात ते खायला मिळतं म्हणून, मग ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशीला विभागायचा निरोप देणारं प्रथिन, हे वेगळं प्रकरण कशाला? आणि ते एवढे प्रभावी असतील तर डिश भरली की पेशी थांबतात का?

पहिला मुद्दा वाचायला बिनतोड वाटतो, पण प्रयोगापुढे टिकत नाही. या पेशी ज्या मीडियममध्ये, म्हणजे पोषक द्रवात, वाढवतात त्यात ग्लुकोज, अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं, क्षार आधीच असतात. सीरम दहा टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणलं तरी ग्लुकोज आहे तेवढंच राहतं. तरीही दोनेक दिवसांत विभाजन जवळजवळ बंद पडतं. बहुतेक पेशी मरत नाहीत. डिशच्या तळाला चिकटून नुसत्या पडून राहतात.

त्याहून बोलका पुरावा प्लाझ्माचा. सीरम गोठलेल्या रक्तातून सुटतं. प्लाझ्मासाठी रक्त गोठू न देता त्यातल्या पेशी आणि प्लेटलेट काढून टाकतात. पोषणाच्या हिशेबात दोघांत फारसा फरक नाही. पण प्लाझ्मात ठेवलेले फायब्रोब्लास्ट ढिम्म हलत नाहीत आणि प्लेटलेटचा अर्क मिसळला की विभागू लागतात, असं १९७४ साली दिसून आलं. रक्त गोठताना प्लेटलेट जे बाहेर टाकतात त्यात पीडीजीएफ हा ग्रोथ फॅक्टर असतो. जखमेच्या जागीच फायब्रोब्लास्ट कामाला लागावेत, याची ही सोय! तो लागतो किती? मिलिलिटरला काही नॅनोग्रॅम. ग्लुकोज मात्र मिलिग्रॅममध्ये. लाखो पटींनी कमी असलेल्या पदार्थावर पेशीचं पोट कसं भरेल?

१९७७ चा प्रयोग तर मला सगळ्यात आवडतो. विभाजन थांबलेल्या थ्रीटीथ्री पेशींना (उंदराच्या फायब्रोब्लास्टचा प्रयोगशाळेतला एक वाण) प्लेटलेटचा अर्क थोडे तास दिला, मग धुऊन काढला आणि त्या प्लाझ्मात ठेवल्या. अर्क गेला तरी परिणाम राहिला: सुमारे बारा तासांनी डीएनएच्या प्रती बनू लागल्या. प्लाझ्मा न देता नुसता अर्क दिला तर गाडी तिथपर्यंत जात नाही. पुढच्या टप्प्याला प्लाझ्मातला आयजीएफ-१ हा दुसरा ग्रोथ फॅक्टर वगैरे लागतो. अन्न काढून घेतल्यावर असा परिणाम मागे उरत नाही. निरोपाचा मात्र उरतो, तो असा: पीडीजीएफ पेशीच्या पृष्ठभागावरचे दोन रिसेप्टर (निरोप पकडणारी प्रथिनं) जवळ आणतो, ते एकमेकांवर फॉस्फेट चढवतात, आणि रास व एमएपी कायनेज या पेशीतल्या प्रथिनांमार्गे निरोप केंद्रकात पोचून फॉस, मिक ही विभाजनाला चालना देणारी जनुकं जागी होतात.

डिश भरल्यावर थांबण्याचं म्हणाल, तर दाटीत पेशीला पसरायला जागा उरत नाही आणि मीडियममधले ग्रोथ फॅक्टरही संपत येतात. सीरम वाढवलं तर थ्रीटीथ्री पेशी आणखी दाट होऊन मगच थांबतात. म्हणजे तुमचं हे उदाहरण माझ्याच बाजूनं साक्ष देतं.

राहता राहिला ‘वेगळ्या प्रकरणा’चा प्रश्न. माकडांत सार्कोमा (एक प्रकारचा कर्करोग) घडवणाऱ्या एका विषाणूचं सिस हे जनुक पीडीजीएफच्या एका साखळीशी जवळपास जुळतं, हे १९८३ मध्ये कळलं. ते जनुक शिरलेली पेशी स्वतःचा पीडीजीएफ स्वतःच बनवते आणि बाहेरच्या निरोपाची वाट न पाहता विभागत सुटते.