फक्त रंग निवडायला बोलावू नका

वस्तीत म्युरल किंवा शिल्प करायचं ठरलं की हल्ली अर्जात ‘लोकसहभाग’ असतोच. तो नसेल तर निधी मिळणं कठीण. मग एक बैठक होते. टेबलावर तीन डिझाइन्स मांडलेली असतात, लोकांनी एकावर बोट ठेवायचं, फोटो निघतो, संपलं. भिंत कोणती, कलाकार कोण, पैसे किती आणि मुळात चित्र हवंय का, हे सगळं त्याआधीच ठरलेलं असतं. याचा मला राग येतो, आणि तो कलेवर नाही.

लोकसहभागाच्या अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाला लोकांना गुंडाळणं, शेंड्यावर निर्णय लोकांच्या हाती. सल्लामसलत चौथ्या पायरीवर येते आणि आर्नस्टीन तिची गणना देखाव्यात करतात. बहुतेक प्रकल्प याच पायरीवर बसकण मारतात.

अजिबात न विचारता केलं तर काय होतं, ते न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझात दिसलं. १९८१ साली शिल्पकार रिचर्ड सेरा यांची ‘टिल्टेड आर्क’ ही १२० फूट लांब आणि १२ फूट उंच पोलादी भिंत चौकाच्या मधोमध उभी राहिली. तिथे कामाला येणाऱ्यांना रोज तिला वळसा घालावा लागे. १९८५ च्या जाहीर सुनावणीत १२२ जण ती ठेवावी म्हणाले आणि ५८ जण काढा म्हणाले. ठेवा म्हणणाऱ्यांत कलाक्षेत्रातली मंडळी पुष्कळ होती. तरीही १९८९ मध्ये ती कापून हलवली. वळसा कोणाला पडतो हे आधी विचारलं असतं, तर कदाचित शिल्प आणि चौक दोन्ही वाचले असते.

मग मतदान घ्यावं का? मला ते फारसं पटत नाही. इंग्लंडच्या गेट्सहेडमधल्या ‘एंजल ऑफ द नॉर्थ’ या पुतळ्याला सुरुवातीला स्थानिकांचा जोरदार विरोध होता. १९९८ साली तो २० मीटर उंच उभा राहिला आणि आज तो त्या गावाची ओळख आहे. कागदावरचं चित्र पाहून हात वर करायला सांगितला की माणूस साहजिकच बिचकतो. एका संध्याकाळच्या मतापेक्षा लोकांना कामात वेळ आणि वाटा मिळणं मला महत्त्वाचं वाटतं.

लॉस एंजेलिसमध्ये चित्रकार जूडी बाका यांनी तो वाटा दिला. पुराचं पाणी वाहून नेणाऱ्या काँक्रीटच्या कालव्याच्या भिंतीवर १९७६ पासून उन्हाळ्या-उन्हाळ्यात काम चाललं आणि १९८३ पर्यंत सुमारे अर्धा मैल चित्र झालं. ४०० हून अधिक तरुण आणि त्यांच्या घरचे त्यात होते. काही मुलं पोलीस-कोर्टाच्या चकरा मारून आलेली. विषय होता कॅलिफोर्नियाचा इतिहास, तोही पाठ्यपुस्तकांनी गाळलेल्या लोकांचा. हे काम एका वीकेंडच्या ‘कम्युनिटी पेंटिंग डे’त उरकणारं नव्हतंच.

पण माझं सर्वात आवडतं उदाहरण लिव्हरपूलच्या ग्रॅनबी या वस्तीचं. १९८१ च्या दंगलीनंतर तिथली घरं एकेक करून रिकामी होत गेली, पाडली गेली आणि शेवटी चार रस्ते उरले. उरलेल्या रहिवाशांनी कोणाची वाट पाहिली नाही. रस्त्यावर झाडं लावली, फळ्या ठोकून बंद केलेल्या घरांचे दर्शनी भाग रंगवले, बाजार भरवला. २०११ मध्ये त्यांनी कम्युनिटी लँड ट्रस्ट काढला, म्हणजे जमीन ट्रस्टच्या नावावर आणि घरं स्थानिकांना परवडतील अशी. ‘असेंबल’ हा तरुण वास्तुरचनाकारांचा गट आला तो यानंतर. घरं दुरुस्त झाली, पाडकामाच्या राडारोड्यातून फायरप्लेसच्या चौकटी घडवणारी कार्यशाळा निघाली आणि २०१५ चं टर्नर पारितोषिक, म्हणजे ब्रिटनमधलं कलेचं मानाचं पारितोषिक, ‘असेंबल’ला मिळालं. बातम्यांत कौतुक गटाचं झालं. माझ्या मते खरी कमाई त्या ट्रस्टची. कारण चित्रामुळे वस्ती ‘छान’ झाली की भाडं वाढतं, आणि ज्यांनी भिंत रंगवली त्यांनाच सामान बांधावं लागतं. बर्लिनच्या क्रॉइत्झबर्गमधली ब्लू या कलाकाराची प्रसिद्ध भित्तिचित्रं डिसेंबर २०१४ मध्ये त्याच्याच संमतीने काळ्या रंगाने पुसली गेली, ती या शहरबदलाचा निषेध म्हणूनच. चित्रांलगतच्या पडीक जागेवर बिल्डरची नजर होती आणि चित्रं तिच्या जाहिरातीला उपयोगी पडली असती.

म्हणून माझी मागणी साधी आहे. कलाकार नेमण्याआधी लोकांना बोलवा. ‘चित्र नको, आधी गटार आणि रस्त्यावरचे दिवे नीट करा’ असं ते म्हणाले, तर ते उत्तर मान्य करण्याची तयारी ठेवा. बैठक सकाळी अकराला ठेवली तर नोकरीवाले आणि भाडेकरू येणारच नाहीत. येतात घरमालक आणि वेळ मोकळा असणारे, आणि मग तेच ‘वस्ती’ ठरतात. देखभालीचे पैसे पहिल्याच अंदाजपत्रकात धरा. आणि सल्लागाराला तासाचे पैसे देता, तर महिनोन्महिने संध्याकाळ खर्च करणाऱ्या रहिवाशालाही द्या.