भागीदार म्हणता, मग भाडं ठरवताना विचारता का?

ॲप-टॅक्सीवाल्यांच्या संपाची बातमी आली की एक मजकूर हमखास ग्रुपवर येऊन पडतो. सूर खवचट, शेवटी हसऱ्या चेहऱ्यांची रांग. सारांश असा: चालक हे नोकर नाहीत, भागीदार आहेत, परवडत नसेल तर ॲप बंद करून घरी बसावं, भाडं कॉम्प्युटर ठरवतो, त्यात कुणाचा हात नसतो, ॲप आलं म्हणून काळी-पिवळीच्या मुजोरीतून मुंबईकर सुटला, आणि सरकारनं ढवळाढवळ केली, युनियन घुसल्या, तर गिरण्यांचं झालं तेच होईल, कंपन्या गाशा गुंडाळतील. एरवी कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेली माझ्या ओळखीची माणसंही हे पुढे ढकलतात. त्यांच्यासाठीच हे उत्तर.

मुजोरीच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण त्यात तथ्य आहे. स्टेशनबाहेर रांगेनं टॅक्स्या उभ्या आणि जवळचं भाडं म्हटलं की मान हलायची, हे आपण सगळ्यांनी भोगलंय. मीटर फास्ट केलेला असायचा, रात्री बायकांना एकटीनं बसायची भीती वाटायची. गाडीचा नंबर आणि रस्ता घरच्यांना पाठवता येणं ही ॲपनं केलेली मोठी सोय आहे आणि ती जाऊ नये. पण प्रवासी खरंच सुटला का? रात्री आडरस्त्याला अर्ध्या वाटेत सोडून दिल्या गेलेल्या एका प्रवाशाला कंपनीकडे धड तक्रारही करता येईना, म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. त्या सुनावणीत उघड झालं की ज्या परवान्याची तरतूद २०१९ साली मोटार वाहन कायद्यात आणि २०२०च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांमध्ये आली होती, तो परवाना न घेताच राज्यात हा धंदा चालू होता. २०२२च्या मार्चमध्ये न्यायालयानं कंपन्यांना अर्ज करायला मुदत दिली. पुढं सर्वोच्च न्यायालयानं परिस्थिती जैसे थे ठेवली. काळी-पिवळीवाल्याला बॅज लागतो, परमिट लागतं, मीटरला पासिंग लागतं. तोच प्रवासी, तोच रस्ता, तर एवढ्या मोठ्या कंपनीला परवाना लागतो म्हटल्यावर ती ढवळाढवळ कशी होते?

आणि ‘कुठे जायचंय? कॅश आहे का?’ हा फोन आता ॲपवाल्यांकडूनही येतोच की. भाडं रद्द करतात म्हणून आपण चालकावर चिडतो. तिकडे त्याचा हिशेब असा असतो की दोन किलोमीटर रिकामी गाडी हाकून प्रवाशाला घ्यायचं, मग ट्रॅफिकमध्ये तासभर, आणि हातात गॅसचे पैसे सुटतील इतकंच. नकार परत आला तो याच भाड्यामुळे.

आता ‘भाडं कॉम्प्युटर ठरवतो’ याकडे येऊ. काळी-पिवळीचं भाडं कसं ठरतं हे कुणालाही वाचता येतं. गाडीची किंमत, इंधन, दुरुस्ती, विमा, चालकाचा राहणीखर्च असं सगळं धरून राज्य सरकारनं नेमलेल्या खटुआ समितीनं सूत्र दिलं. त्याच्या आधारे मुंबई महानगर प्रदेश वाहतूक प्राधिकरण दर ठरवतं. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला टॅक्सीचे २८चे ३१ रुपये झाले, रिक्षाचे २३चे २६. तुम्हाला दर पटत नसेल तर त्यावर भांडता येतं, कारण तो समोर आहे. ॲपचं सूत्र प्रवाशालाही दिसत नाही आणि चालकालाही दिसत नाही. ते कुणीतरी बसून लिहिलेलं असतं. कंपनीचा हिस्सा किती, मागणी वाढली की दर किती पट चढवायचा, कुठल्या चालकाला भाडं आधी दाखवायचं, हे निर्णय पगारी माणसं घेतात आणि त्यांना नफ्याचं उद्दिष्ट दिलेलं असतं. मशीनच्या नावावर खपवलं म्हणून निर्णयाची जबाबदारी नाहीशी होत नाही.

‘स्वस्त झालं’ हेही नीट बघू. उबर २००९ साली सुरू झाली आणि वर्षभराच्या कामकाजातून पहिल्यांदा नफा दाखवला तो २०२३ साली. एकट्या २०२२ साली कामकाजातला तिचा तोटा १८० कोटी डॉलरच्या वर होता. मधल्या काळात आपण जे स्वस्त भाडं देत होतो, त्यातला फरक गुंतवणूकदार भरत होते. पेट्रोल, माणूस, गाडी यांतलं काहीच तंत्रज्ञानानं स्वस्त झालं नव्हतं. बाजार हातात आला की तो फरक कुणाकडून तरी वसूल होणारच होता, आणि तो चालक आणि प्रवासी अशा दोघांकडून झाला.

भागीदार म्हणण्याला उत्तर माझ्यापेक्षा ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं चांगलं दिलंय. १९ फेब्रुवारी २०२१चा एकमुखी निकाल आहे. उबरचं म्हणणं असं की आम्ही फक्त ॲप पुरवतो, चालक स्वतंत्र धंदेवाईक आहेत. न्यायालयानं करारावर काय छापलंय ते बाजूला ठेवून रोज रस्त्यावर काय घडतं ते पाहिलं. भाडं कंपनी ठरवते. कराराच्या अटी कंपनी ठरवते, चालकाला त्यात शब्द बदलता येत नाही. प्रवासी गाडीजवळ येईपर्यंत त्याला कुठं जायचंय हे चालकाला कळत नाही, आणि भाडी नाकारली तर त्याला ॲपमधून बाहेर काढलं जातं. रेटिंगनं त्याच्या वागण्यावर देखरेख होते. चालक-प्रवाशाचा एकमेकांशी संबंध त्या फेरीपुरताच राहील याची काळजी कंपनी घेते, म्हणजे त्याला स्वतःचं गिऱ्हाईक कधीच बांधता येत नाही. जास्त कमवायचं तर एकच वाट उरते, जास्त तास गाडी चालवायची. म्हणून न्यायालयानं त्यांना कामगार ठरवलं. तुम्ही हेच निकष मुंबईतल्या कुठल्याही ॲप-टॅक्सीत बसून लावा आणि किती लागू पडतात ते चालकालाच विचारा.

‘परवडत नाही तर सोड’ या वाक्यानं मला सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण सोडणं म्हणजे काय हे मी शेजारी पाहिलंय. आमच्याच मजल्यावरचे एक दादा, आधी कुरिअरच्या गाडीवर होते. ॲपवर आले तेव्हा सुरुवातीच्या वर्षांत इन्सेंटिव्ह, म्हणजे भाड्यावरचा बोनस, इतका मिळायचा की फायनान्सवर गाडी घेतली, टुरिस्ट परमिट काढलं. पुढे इन्सेंटिव्ह आटत गेला. २०१८च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या ॲप-टॅक्सीवाल्यांनी मोठा संप केला तो याच घसरलेल्या कमाईवरून. हप्ता मात्र आटत नाही. तो दर महिन्याला त्याच तारखेला कापला जातो. एके सकाळी दादांचा ॲपवरचा आयडी ब्लॉक झाला. कुणाची तक्रार, कसली, काही नाही. चॅटवर लिहिलं तर ठरावीक उत्तर परत परत यायचं. कंपनीच्या ऑफिसात गेले तर गेटवर टोकन, मग खुर्ची, मग ‘वरून होईल’. त्या दिवसांत ते रोज सकाळी गल्लीत गाडी पुसायचे आणि फोन बॉनेटवर ठेवून बसायचे. मग एक दिवस आयडी आपोआप चालू झाला. का बंद होता, हे त्यांना आजतागायत कळलेलं नाही. नोकरीवरून काढायचं तर निदान नोटीस द्यावी लागते. अशा माणसाला ‘सोड’ म्हणताना त्याच्या डोक्यावरचं कर्ज, वर्षानुवर्षं जमवलेलं आणि दुसऱ्या कुठल्याच ॲपवर न चालणारं रेटिंग, यांचं काय करायचं तेही सांगा.

आता गिरण्या. मजकुरातला हा भाग वाचून मला राग आला, कारण गिरणगावाचा इतिहास त्यात उलटा केलाय.

मुंबईतल्या गिरण्यांमध्ये बदली कामगार असायचे. पाळी सुरू व्हायच्या वेळी फाटकाशी येऊन उभं राहायचं. कायम कामगार कुणी आला नसेल तर त्या दिवसापुरतं काम, नाहीतर घरी परत. कुणाला आत घ्यायचं हे एकेकाळी जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या, मर्जीवर असे, आणि त्या मर्जीची किंमत मोजावी लागे. माणूस वर्षानुवर्षं त्याच गिरणीत राबतोय, पण कागदावर तो कुणाचाच नाही. लॉगिन करून, गाडी सिग्नलजवळ लावून, फोनच्या आवाजाची वाट बघणारा आजचा चालक तोच बदली कामगार आहे. फाटक खिशात आलंय आणि जॉबरचं काम प्रोग्रॅम करतोय, एवढाच फरक. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि बदलींना कायम करा ही त्यातली एक ठळक मागणी होती. संपाचे नेते डॉ. दत्ता सामंतांनी संप फार ताणला, वेळीच तडजोड करायला हवी होती, असं म्हणणारे आहेत आणि त्यावर चर्चा होऊ शकते. पण संपानंच गिरण्या मारल्या असं म्हणताना बाकीचं गिळून टाकू नका. कापड भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांकडे आधीपासूनच सरकत होतं, बऱ्याच मालकांनी जुन्या यंत्रांत पैसा घातला नव्हता, आणि गिरणीपेक्षा तिच्याखालची जमीन महाग झाली होती. १९९१च्या विकास नियमावलीत गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी पालिकेला आणि एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला द्यायचा होता. २००१च्या बदलानं हा वाटा फक्त मोकळ्या जमिनीपुरता उरला, आणि २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते मान्य केलं. लोअर परळचे मॉल आणि टॉवर कुणाच्या फायद्याचे झाले ते दिसतंच आहे. संपकऱ्यांच्या वाट्याला त्यातलं काय आलं ते लालबाग-परळमध्ये विचारा.

कंपन्या निघून जातील, या धमकीबद्दल थोडक्यात. ब्रिटनच्या निकालानंतर महिन्याभरात उबरनं तिथल्या ७० हजारांवर चालकांना किमान वेतन, रजेचा पगार आणि पेन्शन द्यायचं जाहीर केलं; लंडन सोडलं नाही. न्यूयॉर्क शहरानं २०१९पासून ॲप-चालकांसाठी किमान कमाई ठरवली. तिथेही कंपन्या आहेत. टेक्ससमधल्या ऑस्टिनमधून २०१६मध्ये त्या खरोखर निघून गेल्या होत्या, चालकांच्या बोटांच्या ठशांची तपासणी सक्तीची झाली म्हणून. वर्षभरानं परत आल्या, पण राज्य पातळीवर शहराचा नियम बाद करणारा कायदा झाल्यावर. कॅलिफोर्नियात २०२०मध्ये चालकांना कर्मचारी धरावं लागू नये म्हणून या धंद्यातल्या कंपन्यांनी मतदारांपुढच्या प्रस्तावावर २० कोटी डॉलरहून जास्त उधळले. राजकारण फक्त युनियनवाले करतात, असं यानंतर म्हणता येणार नाही.

राहिला शेवटचा युक्तिवाद: ज्याला एक ठरावीक मालक नाही त्याला कायदा संरक्षण देणार कसं? महाराष्ट्रानं हे १९६९ साली करून दाखवलंय. माथाडी कामगार एका दिवसात चार गाळ्यांवर ओझं वाहायचा; त्याचा मालक कोण, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं आणि कायदा झाला. व्यापारीही कायद्यानं नेमलेल्या मंडळाकडे नोंदवायचा आणि कामगारही. मजुरी मंडळात जमा होते, वर लेव्ही, म्हणजे मजुरीवरची ठरावीक टक्केवारी, व्यापाऱ्याला भरावी लागते आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधपाणी. मंडळावर मालक, कामगार आणि सरकार या तिघांचे प्रतिनिधी. माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणारे उपटसुंभ निघाले, हे खरं आहे. त्यांच्यावर कारवाई व्हावी. पण ज्या हमालाच्या पोराचं शिक्षण त्या लेव्हीमुळे झालं, त्याला हा कायदा नको होता असं म्हणवणार नाही.

केंद्राच्या २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ॲप-कंपन्यांकडून वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के घेण्याची तरतूद आहे, कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत. संहिता लागू झाली ती २१ नोव्हेंबर २०२५ला. तिच्यात हे कामगार मालक-नोकर नात्याच्या बाहेरचे मानलेत, त्यामुळे किमान वेतनाचा प्रश्न तसाच राहतो. माथाडी मंडळासारखं मंडळ राज्यात ॲप-चालकांसाठी उभारता येईल. प्रत्येक फेरीचा हिशेब कंपनीच्या सर्व्हरवर आहेच, त्यामुळे लेव्ही मोजणं १९६९पेक्षा कितीतरी सोपं आहे. पहिला नियम मी हा मागेन: आयडी बंद करायचा तर कारण लेखी द्या, चालकाचं म्हणणं ऐकून घ्या आणि निर्णयाखाली एखाद्या माणसाची सही असू द्या.