डॉक्टरांची गाडी

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भांडण झालं. सुरुवात साधीच होती. वीस वर्षांवरच्या कारच्या फेरनोंदणीची फी पाच हजारांवरून दहा हजार झाली, ही बातमी मावशीच्या मुलाने टाकली. बाणेरच्या संजूदादाने लगेच लिहिलं, ‘बरं झालं. ही डबडी एकदाची भंगारात गेली पाहिजेत. बाहेरच्या देशांत पंधरा वर्षांची गाडी रस्त्यावर दिसते तरी का? आपले इंग्लंडकर सांगतील.’

इंग्लंडकर म्हणजे मी. मी खिडकीतून खाली पाहिलं. ड्राइव्हवेवर माझी ५९ प्लेटची, म्हणजे २००९-१० च्या नोंदणीची सुझुकी अल्टो उभी होती. पंधरा पूर्ण, सोळावं चालू. मी तिचा फोटो काढला आणि काही न लिहिता ग्रुपवर टाकला.

आत्या म्हणाली, ‘कुणाची रे?’ वहिनीने विचारलं, भाड्याची आहे का. आणि संजूदादाने लिहिलं, ‘अरे, तिकडे जाऊन हेच करायचं होतं तर सातारा काय वाईट होता?’

त्या वाक्याला मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. गेले काही महिने मात्र एमवन हायवेवर, टेस्को सुपरमार्केटच्या रांगेत, दात घासताना देतोच आहे.

तर, संजूदादा. इथे गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी एमओटी, म्हणजे सक्तीची तपासणी, करावी लागते. ब्रेक, दिवे, सस्पेन्शन, धूर, टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली का, खालचा पत्रा गंजाने कुठे खाल्लाय का, सगळं बघतात. फी जास्तीत जास्त ५४.८५ पौंड. पास झाली की आणखी एक वर्ष मोकळी, मग ती पाच वर्षांची असो नाहीतर पंचवीस. आणि हा निकाल लपवता येत नाही. कुठल्याही गाडीचा नंबर टाका, ती कधी कशात नापास झाली, प्रत्येक वेळी किती मैल झाले होते, सगळं फुकटात दिसतं. २०१९ मध्ये १,३५० पौंडांना ही अल्टो घेतली, त्याआधी रात्री बसून तिची सगळी प्रगतिपुस्तकं वाचली होती. लग्न जमवताना आमच्या घरात एवढी चौकशी झाली नव्हती.

आपल्याकडे काय? खासगी गाडी शोरूममधून निघाली की पंधरा वर्षं तिच्याखाली वाकून बघायला कुणी येत नाही. पीयूसीची चिठ्ठी तेवढी. चार वर्षांच्या गाडीचे टायर माझ्या डोक्यासारखे गुळगुळीत होवोत, कायद्याच्या लेखी ती तरुण. मग सोळाव्या वर्षी एकदम सगळ्यांना तिची आठवण येते: पासिंग करा, पर्यावरण कर भरा, फी भरा. मुळात रोड टॅक्सच आपण एकदम पंधरा वर्षांचा भरतो, त्यामुळे गाडीचं आयुष्यच पंधरा वर्षांचं, असं लोकांच्या मनात बसलंय. दिल्लीत तर १ जुलै २०२५ पासून जन्मतारीख बघून पंपावर पेट्रोल-डिझेल नाकारायचं ठरलं होतं. डिझेलला दहा वर्षं, पेट्रोलला पंधरा. काही दिवसांतच ते गुंडाळावं लागलं. माणसाला दवाखान्यात नेऊन बीपी न बघता नुसतं आधार कार्ड बघण्यातला हा प्रकार.

हे शेवटी मी ग्रुपवर बरंच आवेशाने लिहिलं. लंडनचं युलेझ मात्र वगळलं. जुनी डिझेल घेऊन लंडनमध्ये शिरलं की दिवसाला साडेबारा पौंड, आणि ऑगस्ट २०२३ पासून ते सगळ्या लंडनभर लागू आहे. तेही एका अर्थी वयच बघणं, फक्त इंजिन कुठल्या मानकाचं या नावाखाली. माझी पेट्रोल असल्याने मला लागत नाही, म्हणून मला ते आठवलं नाही, असं समजा. २००९ मध्ये याच देशाने दहा वर्षांवरची गाडी मोडीत काढा आणि नवीनवर दोन हजार पौंड सूट घ्या, अशी योजना काढली होती, तेही मी लिहिलं नाही. माझी अल्टो त्याच काळातली. कुणीतरी आपली चालती गाडी मोडीत देऊन हीच नवी म्हणून घेतली असेल, असा विचार कधीकधी मनात येतो. पण तो ग्रुपवर टाकण्यासारखा नाही.

जुन्या, स्वस्त गाडीचं सुख ज्याने घेतलं नाही त्याला ते हिशेबाने पटत नाही. तरी हिशेब सांगतो. रोड टॅक्स वर्षाला वीस पौंड. हप्ता नाही. इंजिनाला टायमिंग चेन आहे, त्यामुळे बेल्ट बदलण्याचा मोठा खर्च नाही. नवीन गाडी शोरूमच्या फाटकातून बाहेर पडताना जेवढी उतरते, तेवढ्यात माझ्यासारख्या दोन येतील. माझी आता उतरून उतरून उतरणार किती?

खरं सुख वेगळंच आहे. टेस्कोच्या पार्किंगमध्ये शेजारच्याने दार उघडताना ठोकलं तर मी मान वळवत नाही. मागच्या बंपरवर कोळ्याच्या जाळ्यासारखा एक ओरखडा आहे, तो माझ्या आधीचा. डाव्या दाराला पोचा आहे, तो मुलाच्या सायकलचा. समोरच्या घरी नवी इलेक्ट्रिक आली तेव्हा त्या गृहस्थांनी पहिले दोन आठवडे रोज संध्याकाळी तिच्याभोवती प्रदक्षिणा घातली. मी चहाचा कप टपावर ठेवून त्यांच्याशी गप्पा मारतो. ते त्यांचा कप हातातच धरतात.

आणि आवाज. नवीन गाडी काही बोलत नाही, थेट दिवा लावते. माझी आधी कुरकुरते. सकाळी थंडीत पट्टा चिरकतो, तो मैलभरात थांबला तर ठीक, नाही थांबला तर ताणायला झाला. तिसऱ्या गिअरमध्ये डॅशबोर्ड एका विशिष्ट वेगाला गुणगुणतो, त्यावरून मला स्पीडोमीटर न बघता कळतं की कॅमेऱ्याच्या मर्यादेत आहे. शनिवारी सकाळी बोनेट उघडून डिपस्टिक पुसून तेल बघायचं, यात काम दोन मिनिटांचं, पण मी अर्धा तास उभा असतो. बायको म्हणते, देवपूजा यापेक्षा लवकर आटोपते तुझी.

आमचा मेकॅनिक गुजराती. वडील बहात्तर साली युगांडातल्या कंपालाहून सगळं सोडून लेस्टरला आलेले. दर हिवाळ्यानंतर मी गाडी रॅम्पवर चढवतो, कारण बर्फ धरू नये म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ खालून पत्रा खातं. तो टॉर्च मारून बघतो, स्क्रू ड्रायव्हरने दोन ठिकाणी टोचतो, आणि खालूनच ओरडतो, ‘मोटाभाई, हजी चालशे!’ म्हणजे अजून चालेल. या दोन शब्दांनी मला जेवढं बरं वाटतं तेवढं पगारवाढीनेही वाटत नाही.

एक मात्र कबूल करायला हवं, ते संजूदादाच्या बाजूचं आहे. इथे जुनी गाडी स्वस्त का? इंग्रज गाडीवर प्रेम करतो म्हणून नव्हे. मजुरी महाग आहे म्हणून. आठशे पौंडांच्या गाडीला चारशेचं काम निघालं की माणूस ती विकून मोकळा होतो, आणि माझ्यासारखा टपलेला असतो. आपल्याकडे हात स्वस्त, म्हणून दहा वर्षांची मारुतीही भाव खाऊन असते. म्हणजे दुरुस्ती ही खरी आपली विद्या. भांड्याला कल्हई, गादीला पिंजारी, छत्रीला नवी काडी. सायलेन्सरला भोक पडलं तर साताऱ्यात वेल्डिंग मारून तासाभरात गाडी परत मिळायची, इथे आख्खा बदलायला सांगतात. आणि ज्यांना ही विद्या येते तेच आता डबडं-डबडं म्हणून नाक मुरडतात, याने माझा पारा चढतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून बंद झाली, तेव्हा याच संजूदादाने काळ्या-पिवळ्या गाडीचा फोटो टाकून ‘एका युगाचा अंत’ लिहिलं होतं, खाली तीन रडकी तोंडं. कुर्ल्यात बनलेली गाडी मेली की युग, आणि जिवंत असताना डबडं!

मग मी माझं हुकमी वाक्य टाकलं: इथे गाडीवरून माणसाची किंमत करत नाहीत. आमचा डायरेक्टर २००४ची व्होल्वो चालवतो, मागच्या सीटवर कुत्र्याचे केस.

हे खरं आहे. पण डायरेक्टर गोरा आहे, आणि त्याच्या व्होल्वोला सगळे कौतुकाने हसतात. मी एकदा ऑफिसातल्याच एकाच्या घरी पार्टीला गेलो. अल्टो फाटकासमोर लावली, हातात समोशांची पिशवी. दार उघडणाऱ्या बाईंनी पिशवीकडे, गाडीकडे पाहिलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, ‘ऑर्डरचे पैसे ऑनलाइन दिलेले आहेत ना?’ नंतर त्यांनी दहा वेळा माफी मागितली. मी दहा वेळा काही हरकत नाही म्हटलं. ही गोष्ट मी ग्रुपवर कधी लिहिलेली नाही. बायकोलासुद्धा विनोद म्हणून सांगितली.

आणि मराठी मंडळाच्या गणपतीला मी अल्टो दोन गल्ल्या सोडून लावतो. तिथे पार्किंग मिळत नाही, असं मुलांना सांगतो. मिळतं. दारातच मिळतं, दोन जर्मन एसयूव्हींच्या मध्ये. जुनी गाडी मला परवडते ती मला न ओळखणाऱ्यांच्या देशात. ओळखीची चार माणसं जमली की मीही बाणेरचाच.

पुढच्या काचेवर आधीच्या मालकाचं नॅशनल ट्रस्टचं, म्हणजे इथले जुने वाडे-बागा जपणाऱ्या संस्थेचं, स्टिकर आहे, फिकं झालेलं. मी कधी त्यांचा सभासद नव्हतो. सहा वर्षांत ते खरवडून काढायला पाच मिनिटं मिळाली नाहीत, असं म्हणतो. खरं तर ते स्टिकर असलेली गाडी एखाद्या खेड्यात लावली की मी थोडा इथला वाटत असेन, असं मला वाटतं.

आमची पहिली गाडी १९८७ची मारुती ८००. १९९३ मध्ये अण्णांनी जीपीएफमधून पैसे काढून ती साताऱ्यातल्या राजपथावरच्या एका डॉक्टरांकडून घेतली. पांढरी. मागच्या काचेवरचं लाल अधिकचं चिन्ह अण्णांनी काढलं, पण उन्हाने त्याची खूण राहिलीच. गल्लीत ती शेवटपर्यंत ‘डॉक्टरांची गाडी’ होती. ‘डॉक्टरांची गाडी जरा पुढे घ्या हो,’ असं शेजारी अण्णांना म्हणायचे, आणि अण्णा घ्यायचे. पोवई नाक्यावर एकदा एका म्हातारीने गाडी थांबवून खिडकीतून अण्णांपुढे नाडी बघायला हात केला. अण्णा कारकून. त्यांनी हात धरला, जरा वेळ गंभीर चेहरा केला आणि म्हणाले, ताप नाही, पण दवाखान्यात दाखवा.

२०११ मध्ये बहिणीचं लग्न ठरलं. मी पौंड घेऊन आलो आणि म्हणालो, मुलाकडची माणसं येणार, दारात ही उभी नको. अण्णा एवढंच म्हणाले, ‘चालतीय की अजून.’ मी ऐकलं नाही. कोरेगावच्या एकाने अठ्ठावीस हजारांना नेली. नव्या गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, पेढे वाटले. ती गाडी अण्णांनी कव्हरखाली ठेवली ती ठेवलीच. रविवारी यवतेश्वरपर्यंत न्यायचे आणि परत आल्यावर फडक्याने पुसायचे. ओरखडा पडला तर मुलगा काय म्हणेल, अशी त्यांना भीती होती, हे आईने मला पुष्कळ नंतर सांगितलं.

ग्रुपवर शेवटचा घाव मीच घातला. गेल्या वर्षी मेकॅनिकने चॅसी नंबरवरची धूळ पुसून मला बोलावलं होतं. नंबर ‘एमए३’ने सुरू होतो. जपानी नव्हे, मारुतीचा. युरोपात अल्टो म्हणून विकलेली ही गाडी मानेसरला बनून जहाजाने आली. भारतात तिचंच नाव ए-स्टार. ‘आ तो तमारी ज छे, मोटाभाई,’ असं म्हणून तो बराच वेळ हसत होता. आणि २०१० मध्ये संजूदादाने ए-स्टारच घेतली होती, हे मला आठवलं. मी लिहिलं, ‘दादा, ज्याला डबडं म्हणतोस ती तुझ्याच गाडीची बहीण आहे. इंग्लंडच्या मिठात सोळा वर्षं टिकली.’

पाच मिनिटं कुणीच काही लिहिलं नाही. मी खूश. मग त्याचं उत्तर आलं: ‘मी माझी २०१६ लाच विकली. म्हणजे माझी जुनी गाडी तू चालवतोयस म्हण.’ त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली, आत्याचंसुद्धा.

अण्णा ग्रुपवर आहेत, पण कधी लिहीत नाहीत. रात्री झोपायला जाताना त्यांचा वेगळा मेसेज दिसला, मला एकट्याला. ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’

इथे अ‍ॅव्हरेज गॅलनला किती मैल, असं मोजतात. माझी पन्नास देते. मी कागद घेऊन मैलांचे किलोमीटर केले, गॅलनचे लिटर केले आणि लिहिलं, ‘सतरा पूर्णांक सात.’

साताऱ्यात तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या.

‘आपली अठरा द्यायची.’