‘चाळिशीनंतर शरीराला आराम द्या’ म्हणणाऱ्या मजकुराला उत्तर

चाळिशी ओलांडलेल्या स्त्री-पुरुषांसाठी म्हणून एक लांबलचक मजकूर सध्या या फोनवरून त्या फोनवर फिरतो आहे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: हृदयाला जन्मतःच ठरावीक ठोके मिळालेले असतात, ते व्यायामात उधळू नका. व्यायाम करता करता माणसं हृदयविकाराने जातात. पळण्याने गुडघे झिजतात. बायकांना घरकामातच पुरेसा व्यायाम होतो. वजन उतरत नसेल तर घाम गाळण्यात अर्थ नाही. साठीनंतर तर उशीरच झालेला असतो. दाखला कासवाचा दिला आहे, जे व्यायाम न करता शंभरी पार करतं. आणि तात्पर्य: उरलेलं आयुष्य सुखाने जगायचं असेल तर आराम करा.

हा मजकूर पुढे पाठवणारे बहुतेक जण आपल्या माणसांच्या काळजीपोटीच पाठवतात. काळजीपोटी दिलेला सल्ला ऐकलाही जातो, म्हणूनच त्याला मुद्देसूद उत्तर द्यायला हवं.

कासवावर फार वेळ घालवायला नको. त्याच्या शरीराचं तापमान भोवतालच्या हवापाण्यावर ठरतं आणि चयापचय अत्यंत संथ असतो. माणसाच्या शरीराची रचनाच निराळी आहे. त्याने कासवाचं अनुकरण केलं तर हाती दीर्घायुष्य लागत नाही, फक्त स्नायू आणि हाडं कमजोर होतात.

‘हृदयाचे ठोके मोजून मिळालेले असतात.’ प्रत्येक माणसाला ठोक्यांचा कोटा ठरवून दिलेला असतो, याला काहीही आधार नाही. पण वादापुरतं ते मान्य केलं तरी हिशेब उलटाच येतो. समजा, एखाद्याचं हृदय मिनिटाला सरासरी ७० ठोके देतं. दिवसाचे झाले १,००,८००. नियमित व्यायामाने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलू लागतं, म्हणून एरवीची गती खाली येते. ती ६० वर आली असं धरू. रोज एक तास व्यायाम आणि त्या वेळी मिनिटाला १४० ठोके, म्हणजे ८,४००. उरलेल्या २३ तासांचे ८२,८००. बेरीज ९१,२००. म्हणजे ज्याने ‘उधळपट्टी’ केली त्याचेच ठोके रोज ९,६०० ने वाचले.

‘व्यायाम करताना हृदयविकाराचा झटका येतो.’ या भीतीत तथ्याचा अंश आहे आणि तो नाकारून चालणार नाही. अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झटका आलेल्या १,२२८ रुग्णांकडून आधीच्या तासांत त्यांनी काय केलं होतं याची बारीक माहिती घेतली गेली. जोरकस श्रमानंतरच्या तासाभरात झटक्याचा धोका खरोखरच वाढलेला होता. मात्र तो कोणाचा किती वाढला, हे पाहा. आठवड्यातून एकदाही असे श्रम न करणाऱ्यांमध्ये धोका १०७ पट झाला. आठवड्यातून पाच किंवा त्याहून अधिक वेळा करणाऱ्यांमध्ये तो २.४ पटच होता. घात होतो तो सवय नसताना एकदम जोर लावण्याने. वर्षभर खुर्चीत बसून एका सुट्टीच्या दिवशी तरुणांबरोबर सामना खेळायला उतरणाऱ्या पुरुषांनी हे आकडे नीट वाचावेत. हळूहळू, आठवड्या-आठवड्याने वाढवत नेलेला व्यायाम त्याच धोक्यापासून संरक्षण देतो. छातीत दुखत असेल, थोड्याशा श्रमाने धाप लागत असेल, चक्कर येत असेल किंवा हृदयविकाराचा इतिहास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं, यात दुमत नाही.

गुडघ्यांचा मुद्दा लवकर आटोपतो. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात हौसेने पळणाऱ्यांमध्ये गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण ३.५ टक्के होतं, बैठं जीवन जगणाऱ्यांमध्ये १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक धावपटूंमध्ये १३.३ टक्के. अति पळण्याची किंमत मोजावी लागते हे दिसतंच. पण बसून राहिल्याने गुडघे वाचत नाहीत. आणि पळणं जमत नसेल तर चालणं आहे, पोहणं आहे, सायकल आहे.

आता मजकुराच्या मुळाशी असलेल्या समजुतीकडे येऊ: आराम म्हणजे शरीराची बचत. १९६६ साली अमेरिकेत डॅलसमध्ये विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे सक्तीने अंथरुणावर ठेवण्यात आलं. उठले तेव्हा त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे दमसास, एक चतुर्थांशाहून जास्त घसरली होती. तीस वर्षांनी, पन्नाशीत आलेल्या त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तेव्हा लक्षात आलं की त्या तीन आठवड्यांच्या आरामाने दमसासाचं जेवढं नुकसान केलं होतं, तेवढं तीस वर्षांच्या वयवाढीनेही केलं नव्हतं. मग सहा महिने त्यांच्याकडून चालणं, जॉगिंग, सायकल असा हळूहळू वाढत जाणारा व्यायाम करून घेतला, आणि दमसास विशीत अंथरुणावर पडण्याआधी जिथे होता तिथे परत आला. माणसं पाचच, त्यामुळे यावरून सरसकट आकडे काढू नयेत. पण दिशा स्पष्ट आहे आणि नंतरच्या मोठ्या अभ्यासांनीही तीच दाखवली. न वापरलेली ताकद शरीर साठवून ठेवत नाही, काढून टाकतं.

‘बायकांना घरकामातच व्यायाम होतो.’ मला सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य हे. त्यात अर्धं सत्य आहे आणि त्या अर्ध्या सत्याच्या आडून बायकांचा हक्काचा वेळ काढून घेतला जातो. घरकामात हालचाल होते, बसून राहण्यापेक्षा ती नक्कीच बरी, आणि जागतिक आरोग्य संघटनाही ती शारीरिक हालचालीत धरते. पण काम करताना बाईचं शरीर काय करत असतं ते बघा. ओट्यापाशी तासभर उभं राहायचं, म्हणजे पायांवर भार आहे पण पावलं दोन-चारच. वाकून झाडायचं-पुसायचं, म्हणजे कंबरेच्या त्याच स्नायूंवर तोच ताण, रोज. दम लागेल अशी सलग हालचाल क्वचितच होते, स्नायूंवरचा भार बेताबेताने वाढवत नेणं तर होतच नाही, आणि थकल्यावर थांबायची मुभा नसते. दिवसाअखेरीला अंग आंबतं, पण ताकद वाढत नाही.

काम आणि व्यायाम यांतला हा फरक नोकरीतल्या अंगमेहनतीतही दिसतो. कोपनहेगनमध्ये एक लाखाहून अधिक प्रौढ स्त्री-पुरुषांचा काही वर्षं मागोवा घेतला गेला, त्याचे निष्कर्ष २०२१ साली आले. फावल्या वेळात जास्त हालचाल करणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा आणि मृत्यूचा धोका कमी होता. नोकरीत जास्त शारीरिक श्रम करणाऱ्यांमध्ये तो जास्त होता. अशा निरीक्षणातून कार्यकारणभाव पक्का सिद्ध होत नाही. तरीही ‘दिवसभर राबतोस, राबतेस, मग वेगळा व्यायाम कशाला’ असं म्हणण्याआधी थबकायला हवं. २०२२ सालच्या जागतिक आकड्यांनुसार पुरेशी हालचाल न करणाऱ्यांचं प्रमाण स्त्रियांमध्ये ३४ टक्के आहे, पुरुषांमध्ये २९. बाईला घरातून अर्धा तास मोकळा मिळणं हा तिच्या आरोग्याचा प्रश्न आहे, आणि तो सोडवायची जबाबदारी घरातल्या इतरांचीही आहे.

‘वजन उतरत नसेल तर उपयोग काय?’ कित्येक जण याच ठिकाणी व्यायाम सोडतात. दोन महिने नेमाने चालतात, काटा हलत नाही, आणि मग बूट कपाटात जातात. म्हणून अमेरिकेतल्या एका प्रयोगाची हकीकत सविस्तर सांगते. त्यात रजोनिवृत्ती झालेल्या, बैठं जीवन जगणाऱ्या आणि वजन जास्त असलेल्या ४६४ स्त्रिया होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे चार गट पाडले. एका गटाने नेहमीचं जीवन चालू ठेवलं. बाकी तीन गटांनी सहा महिने देखरेखीखाली व्यायाम केला: एकाने तज्ज्ञांनी शिफारस केलेल्या व्यायामाच्या निम्मा, दुसऱ्याने पूर्ण, तिसऱ्याने दीडपट. निम्मा म्हणजे आठवड्याला साधारण ७२ मिनिटं.

आयुष्याचा दर्जा मोजायला त्यात एसएफ-३६ ही जगभर वापरली जाणारी ३६ प्रश्नांची प्रश्नावली होती. तिच्यातले प्रश्न अगदी रोजच्या जगण्यातले आहेत. एक मजला चढताना अडचण येते का? वाकता येतं का, गुडघ्यावर बसता येतं का? सामानाची पिशवी उचलता येते का? स्वतःची आंघोळ, कपडे घालणं जमतं का? गेल्या महिन्याभरात किती वेळ उत्साह वाटला, किती वेळ अगदी गळून गेल्यासारखं झालं? तब्येतीमुळे माणसांत मिसळणं कमी झालं का? सहा महिन्यांनी या प्रश्नावलीच्या आठ अंगांपैकी सातांत सुधारणा दिसली, आणि व्यायामाची मात्रा जास्त तशी सुधारणाही जास्त. अंगदुखी या एका अंगात तसा फरक आढळला नाही, हेही सांगायला हवं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वजनातला बदल हिशेबात धरल्यावरही निष्कर्ष बदलला नाही. वजन उतरो न उतरो, जगणं सुधारलं होतं. काटा हे मोजतच नाही. जिना चढताना मधे थांबावं लागलं की नाही, हे त्याला कसं कळणार?

मात्रेबद्दल इथेच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचालीची आहे, म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही इतपत दम लागेल अशी. किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, जो चालणाऱ्या बहुतेकांकडून राहूनच जातो. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल मोजायची नाही असं होतं, ती अट आता नाही. पाच-पाच मिनिटंही जमेला धरली जातात.

राहिला ‘साठीनंतर उशीर झाला’ हा मुद्दा. १९९० साली एका वृद्धाश्रमात सरासरी नव्वद वर्षांच्या दहा जणांकडून आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा वजन लावून व्यायाम करून घेतला. नऊ जणांनी तो पूर्ण केला आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांना चालताना काठी लागेनाशी झाली. हाताचा आधार घेतल्याशिवाय खुर्चीतून उठू न शकणाऱ्या तिघांपैकी एकाला तसं उठता येऊ लागलं. दुसऱ्याच्या मदतीशिवाय रात्री उठून शौचाला जाता येणं ज्या एका हालचालीवर अवलंबून असतं, ती हीच.

हा प्रयोग छोटा होता. मोठा हवा असेल तर २०१४ साली निष्कर्ष आलेला पाहा: ७० ते ८९ वयाचे १,६३५ स्त्री-पुरुष, सगळ्यांच्या हालचालींवर आधीच मर्यादा आलेल्या. अर्ध्यांना आरोग्यावरची व्याख्यानं दिली, अर्ध्यांना चालण्याचा, ताकदीचा, लवचिकतेचा आणि तोल सांभाळण्याचा व्यायाम. सरासरी २.६ वर्षांच्या काळात ४०० मीटर चालणं अशक्य झालेल्यांचं प्रमाण व्याख्यानाच्या गटात ३५.५ टक्के होतं आणि व्यायामाच्या गटात ३०.१ टक्के. सगळ्यांचे पाय वाचले नाहीत. पण शंभरातल्या पाच जणांना त्या वयात आपल्या पायांनी बाहेर पडता येत राहिलं, आणि त्यासाठी जे केलं त्यात मुख्य होतं ते चालणंच.