रोगमुक्त रोप म्हणजे नेमके काय?

‘टिश्यू कल्चरची केळीरोपे रोगमुक्तच असतात’ असे एका लेखात म्हटले आहे; ते विधान अपुरे आहे. ही रोपे मातृरोपाच्या, म्हणजे मूळ झाडाच्या, कंदातील तुकड्यापासून प्रयोगशाळेत बाटलीत वाढवतात. बाटलीत बुरशी शिरली तर ती आतल्या पोषक माध्यमावर लगेच दिसते. विषाणू मात्र दिसत नाही, त्यामुळे मातृरोपाची विषाणू-तपासणी झालेली नसेल, तर एका कंदातला रोग हजारो रोपांत पोहोचतो. शिरोळ तालुक्यातील आमच्या शेतात ग्रँड नैन या केळीच्या जातीच्या काही झाडांची पाने अरुंद, ताठ, झुपक्यासारखी आली, देठांवर गर्द हिरव्या तुटक रेघा उमटल्या आणि ती झाडे कंदासकट उपटावी लागली. (हा पर्णगुच्छ नावाचा विषाणूजन्य रोग मावा किडीमार्फत बाहेरूनही येतो, म्हणून सारा दोष रोपवाटिकेच्या माथी मारता येणार नाही.) आता मी तपासणीचा दाखला मागतो आणि एखादी पिशवी फाडून पांढरी मुळी पाहिल्याशिवाय रोपे उचलत नाही.