वर्कबुक मिटवा आणि चालणारी लॅब मोडून बघा

सीसीआयई सिक्युरिटीच्या (सिस्को कंपनीच्या नेटवर्क सुरक्षेतल्या तज्ज्ञ पातळीच्या प्रमाणपत्राच्या) लॅब परीक्षेची तयारी करणारी मुलंमुली भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, कोणतं वर्कबुक घेऊ? दुसरा जरा दबक्या आवाजात येतो, डम्प, म्हणजे फुटलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं, मिळतील का? डम्पचं उत्तर आधी देतो. उद्या एखाद्या बँकेची किंवा हॉस्पिटलची फायरवॉल तुमच्या भरवशावर सोडली जाणार आहे. दुसऱ्याची उत्तरं पाठ करून पास झालेल्याला मिळणारा सीसीआयई नंबर मिळवणं म्हणजे त्या लोकांची फसवणूक आहे. माझ्यापुरता तो विषय तिथेच संपतो.

वर्कबुकबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण प्रामाणिक मुलंही तिथेच अडकतात. वर्कबुकमध्ये पायऱ्या दिलेल्या असतात, त्या टाइप केल्या की टनेल (दोन उपकरणांमधला सुरक्षित मार्ग) वर येतो आणि आपल्याला विषय आला असं वाटतं. परीक्षा आठ तासांची आहे. पहिले तीन तास डिझाइनचे: उपकरणाला हात लावायचा नाही, ईमेल, आकृत्या, ग्राहकाच्या गरजा वाचून निर्णय घ्यायचे आणि एकदा पुढे गेलात की मागे येता येत नाही. उरलेल्या पाच तासांत उभारणी, दुरुस्ती, सुधारणा. यात टायपिंगच्या वेगाचा उपयोग फार थोडा. बिघाड कुठे आहे हे किती लवकर कळतं, यावर सगळं अवलंबून असतं.

म्हणून माझं ठाम मत आहे की तयारीचा निम्मा वेळ चालू असलेली गोष्ट मुद्दाम मोडण्यात घालवावा.

दोन राउटरमध्ये सर्टिफिकेटवर (डिजिटल ओळखपत्रावर) चालणारा आयकेई व्ही २ (ओळख पटवून किल्ल्या ठरवणारा प्रोटोकॉल) टनेल उभा करा. मग एका राउटरचं घड्याळ सर्टिफिकेट दिल्याच्या तारखेच्या मागे न्या. चालू टनेल लगेच पडणार नाही. तो क्लिअर करून पुन्हा उभा करायला गेलात की मात्र येणार नाही. दहातले आठ जण आधी प्रपोजल (एन्क्रिप्शनच्या अटी) तपासतात, मग अ‍ॅक्सेस लिस्ट, मग राउटिंग. डीबगमध्ये (उपकरणाच्या तपशीलवार नोंदींत) सर्टिफिकेटची तक्रार समोर लिहिलेली असते, पण ती वाचायची सवयच नसते. हा प्रयोग स्वतः केलेला माणूस एनटीपीकडे, म्हणजे घड्याळं जुळवणाऱ्या प्रोटोकॉलकडे, आधी बघतो.

डीएमव्हीपीएनमध्ये (अनेक शाखांना टनेलने जोडणाऱ्या जाळ्यात) याहून फसवा प्रकार होतो. टनेल वर, ईआयजीआरपी या राउटिंग प्रोटोकॉलचा शेजारी राउटर वर, पिंगही जातं, पण मोठी फाइल कॉपी करायला घेतली की सगळं लटकतं. टनेल बांधणाऱ्या जीआरईचे आणि एन्क्रिप्शन करणाऱ्या आयपीसेकचे हेडर चढल्यावर १५०० बाइटचं पॅकेट मावत नाही आणि मध्ये कुणीतरी आयसीएमपी (अशा अडचणी कळवणारे संदेश) अडवलेलं असेल तर पाठवणाऱ्याला ते कळतही नाही. टनेलवर एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १४०० आणि एमएसएस (एका टीसीपी तुकड्यातला कमाल डेटा) १३६० लिहायचं हे सगळ्यांना पाठ असतं. मधले ४० कुठून आले ते विचारा, शांतता पसरते. वीस बाइट आयपीच्या हेडरचे, वीस टीसीपीच्या. एवढं समजलेला माणूस आकडा विसरला तरी पुन्हा काढू शकतो.

आणि माझं सगळ्यात आवडतं उदाहरण, एमएबी, म्हणजे उपकरणाला त्याच्या मॅक पत्त्यावरून ओळखणं. पोर्टवर ८०२.१एक्स (नेटवर्कवर येण्याआधी ओळख विचारणारी पद्धत) आहे आणि मागे प्रिंटर, ज्याला ते समजतच नाही. जुन्या पद्धतीच्या डीफॉल्ट मांडणीत स्विच दर ३० सेकंदांनी तीनदा विचारतो आणि ९० सेकंदांनंतर कुठे एमएबीकडे वळतो. तोवर काही प्रिंटरांनी डीएचसीपीकडून आयपी पत्ता मागण्याचा नाद सोडलेला असतो. मुलं आयएसईच्या (ओळख तपासणाऱ्या सिस्कोच्या सर्व्हरच्या) पॉलिसी उलट्यापालट्या करत बसतात. आधी लाइव्ह लॉग बघा ना! तिथे नोंदच नसेल तर विनंती आयएसईपर्यंत पोचलेली नाही, मग पॉलिसीत काय सापडणार? टीएक्स पीरियड (दोनदा विचारण्यातला वेळ) दहा सेकंदांवर आणा आणि तोच प्रिंटर पुन्हा लावून बघा.

खर्चाची अडचण खरी आहे. मी चौकशी केली तेव्हा लॅबची फी १६०० डॉलर होती, शिवाय बंगळुरूला जाणं-राहणं. नाशिक-कोल्हापूरच्या एखाद्या नव्या इंजिनिअरची ती कित्येक महिन्यांची बचत. त्यात व्हर्च्युअल एफएमसी (सिस्कोच्या फायरवॉल सांभाळणारा सर्व्हर) एकटा २८ जीबी रॅम खातो, आयएसईला आणखी १६ लागते, साध्या लॅपटॉपवर हे झेपत नाही. चार-पाच जणांनी मिळून एक जुना सर्व्हर घ्यावा. मोडण्याच्या सरावाला तर गट लागतोच, कारण स्वतः केलेला बिघाड स्वतःला लगेच सापडतो. एकाने गुपचूप तीन गोष्टी बिघडवाव्यात, बाकीच्यांनी शोधाव्यात. आयएसईचा ९० दिवसांचा मूल्यांकन परवाना संपला की कुरकुरू नका, सगळं पुसून पुन्हा कोरं उभं करा आणि या वेळी वर्कबुक न उघडता करा.